कर्नलमध्ये मेमरी मागाहून सोडताना: थांबवायचं काय आणि लगेच आवरायचं काय

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. जळगावच्या एमआयडीसीत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा गेटवे बनवणारी एक छोटी टीम आहे. डबीत चार कोरचा एआरएम प्रोसेसर, 128 एमबी मेमरी, वर लिनक्स आणि टीमनं स्वतः लिहिलेलं एक कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) घालता-काढता येणारा कोड. मॉड्यूलमध्ये शेतातल्या नोडची हॅश टेबल आहे. रेडिओवरून पॅकेट आलं की नोड शोधायचा आणि रीडिंग नोंदवायचं. नोड बराच वेळ गप्प राहिला की त्याला टेबलमधून काढायचं आणि त्याची मेमरी सोडायची. शोधणारे अनेक आणि काढणारा एखादाच, म्हणून त्यांनी आरसीयू (रीड-कॉपी अपडेट) निवडलं, ते बरोबरच आहे. यात शोधणारे, म्हणजे वाचक, एकमेकांना न अडवता वाचतात, आणि काढलेली वस्तू जुने वाचक बाहेर पडल्यावरच सोडतात. त्यावर त्यांनी एक सोयीचं फंक्शन बांधलं: कुठलाही पॉइंटर द्या, कुठलंही फंक्शन द्या, जुने वाचक बाहेर पडले की ते फंक्शन त्या पॉइंटरवर चालेल. आता तीन दुखणी आहेत. मॉड्यूल काढताना अधूनमधून पॅनिक होतं, म्हणजे अख्खा कर्नल कोसळतो. कासान हे मेमरीतल्या चुका पकडणारं साधन लावलं की सोडलेल्या मेमरीला हात लागल्याची तक्रार येते. आणि रात्री शेतीची लाईट आली की मेमरी भराभर चढते. विचारणाऱ्या भाऊंचा प्रश्न असा, की हे फंक्शन दुरुस्त करावं की सगळं रस्ट या भाषेत नव्यानं लिहावं?

भाऊ, रस्टचं पुढे बोलू. आधी त्या फंक्शनची सहीच, म्हणजे ते काय काय घेतं तेच, बघा. "कुठलाही पॉइंटर, कुठलंही फंक्शन" यात तुम्ही वापरणाऱ्याला जी मोकळीक दिली आहे, तिन्ही दुखण्यांचं मूळ तिथेच सापडतं. मेमरी सोडायला उशीर करणं हे काम कर्नल तुमच्यापेक्षा चांगलं करतो. त्यावर तुम्ही थर चढवता तो काही गोष्टी करताच येऊ नयेत म्हणून. तुमचा थर काहीच अडवत नाही, त्यानं फक्त कर्नलच्या कॉल_आरसीयू या फंक्शनला नवं नाव दिलं आहे.

ग्रेस पीरियड, म्हणजे सोडण्याआधी थांबायचा काळ, याबद्दल एक गैरसमज फार दिसतो, तो आधी काढतो. भुसावळच्या यार्डात एखादा जुना रूळ उखडायचा असेल, तर आधी सांधा बदलतात, म्हणजे नव्या गाड्या दुसऱ्या रुळावरून जायला लागतात. सांधा बदलण्याआधी जुन्या रुळावर शिरलेल्या गाड्या तेवढ्या बाहेर पडेपर्यंत गँगला थांबावं लागतं. अख्खं यार्ड रिकामं होण्याची वाट कुणी पाहत नाही, कारण ते कधीच रिकामं होत नाही. ग्रेस पीरियड नेमका इतकाच आहे. टेबलमधून नोड काढला त्या क्षणी जे वाचक आत होते ते बाहेर पडले, एवढीच हमी मिळते. त्यानंतर आत आलेल्या वाचकांची वाट तो पाहत नाही, कारण त्यांना तो नोड सापडणारच नसतो. म्हणून क्रम पवित्र आहे: आधी टेबलमधून काढणं, मग वाट पाहणं, मग सोडणं. तुमच्या फंक्शनला यातली पहिली पायरी झाली की नाही हे कळायला मार्गच नाही. कुणी टेबलमध्ये असलेलाच पॉइंटर त्याच्या हाती दिला तरी ते निमूट घेतं.

ही कल्पना जुनी आहे. 1980 मध्ये कुंग आणि लेहमन यांनी बायनरी ट्रीवरच्या शोधनिबंधात काढलेले नोड सोडण्याचं काम कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेवर टाकलं होतं. 1998 मध्ये पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी सीक्वेंट कंपनीच्या युनिक्समधलं काम 'रीड-कॉपी अपडेट' या नावानं मांडलं. लिनक्समध्ये ते ऑक्टोबर 2002 मध्ये, 2.5.43 या विकासातल्या आवृत्तीत आलं, आणि तो पाया घालणारा पॅच आयबीएममधल्या दीपांकर सर्मांचा होता. तेव्हापासून तिथे जे जे बदललं त्यातला बराच भाग एकाच दिशेचा आहे: लोकांनी ज्या ज्या ठिकाणी चूक केली, तिथे चूक करण्याची जागाच काढून टाकायची. तुमच्या थराकडून माझी अपेक्षाही तीच आहे.

आता मुख्य मुद्दा. मागाहून मेमरी सोडणं आणि मागाहून कोड चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉल_आरसीयू दुसरी गोष्ट करतं, तुम्हाला बहुतेक वेळा पहिलीच हवी असते.

मेमरी सोडायची असेल तर केफ्री_आरसीयू आहे, 2011 पासून, 3.0 या आवृत्तीत आलं. त्याला तुमचं फंक्शन लागत नाही. रचनेत आरसीयू_हेड नावाचं एक फील्ड ठेवायचं, 64 बिटवर 16 बाइट, 32 बिटवर 8 बाइट, आणि ते रचनेच्या पहिल्या 4096 बाइटच्या आत असलं पाहिजे. सोडण्याचं काम कर्नल स्वतःच्या कोडनं करतो, तेही गठ्ठ्यानं, म्हणून सुटं सुटं सोडण्यापेक्षा स्वस्त पडतं. यात तुमच्या मॉड्यूलमधला एकही बाइट कोड नंतर चालत नाही. नंतर काही चालतच नसेल तर नंतर बिघडण्यासारखंही फारसं उरत नाही.

कोड चालवायचा असेल तर मात्र तो कुठे चालतो हे विसरून चालत नाही. कॉल_आरसीयूचा कॉलबॅक, म्हणजे तुम्ही दिलेलं फंक्शन, साधारणपणे सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालतो, म्हणजे इंटरप्टच्या मागोमाग कर्नल घाईनं उरकतो त्या कामात. तिथे स्लीप करता येत नाही, म्यूटेक्स (ज्याची वाट झोपून पाहतात ते लॉक) घेता येत नाही, मेमरी मागताना वाट पाहता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात कॉलबॅकमध्ये कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक आहे, म्हणजे मुदतीनं लावलेलं काम (डिलेड वर्क) रद्द करणारं फंक्शन. ते स्लीप करू शकतं. बहुतेक वेळा ते निभतं, कारण काम त्या क्षणी चालू नसतं. ज्या रात्री ते चालू असेल त्या रात्री डबी अडकेल, आणि सकाळी रावेरच्या एखाद्या केळीच्या बागेतून फोन येईल की पाणीच सुटलं नाही.

तेव्हा थर दोन प्रकारांत फोडा. पहिला प्रकार: "काढ आणि मेमरी मागाहून सोड". यात फंक्शन देण्याची सोयच ठेवू नका. दुसरा प्रकार: "काढ, थांब, मग वर्कक्यूमध्ये हे आवर". हा क्यू_आरसीयू_वर्कवर बांधा. तो ग्रेस पीरियड संपल्यावर काम वर्कक्यूकडे, म्हणजे कर्नलच्या थ्रेडवर चालणाऱ्या कामांच्या रांगेकडे, देतो, तिथे स्लीप करता येतं. सॉफ्टआयआरक्यूमध्ये स्वतःचा कोड चालवण्याची तिसरी वाट मॉड्यूलच्या बाकीच्या कोडला उघडीच ठेवू नका. कुणाला खरंच लागली तर तो थेट कॉल_आरसीयू लिहील, आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेत ते लगेच येईल.

कोणती गोष्ट कुठल्या प्रकारात घालायची? माझा निकष साधा आहे: वाचक ज्याला हात लावू शकतो तेवढंच ग्रेस पीरियडपर्यंत थांबवा, बाकीचं काढताक्षणी, तुमच्या नेहमीच्या प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये (जिथे स्लीप करता येतं तिथे) आवरा. सिसएफएसमधली (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी) नोंद, लॉगचं बफर, आकडेवारीचा खिसा, हे वाचकांच्या वाटेवर नसेल तर त्याला ग्रेस पीरियडशी देणंघेणं नाही. उगाच सगळं नंतरवर ढकललं की नंतरचा कोड जाड होतो, आणि चुका तिथेच वाढतात.

पण हा निकष तुमच्या डिलेड वर्कला लावून बघा, म्हणजे त्यातली मेख दिसेल. पहिल्यांदा वाटतं, नोड टेबलमधून काढला, लगेच वर्क रद्द केलं, मग केफ्री_आरसीयू, झालं. पण तुमचा पॅकेट घेणारा वाचकच तर ते वर्क पुन्हा लावतो, नोड गप्प झाल्याची मुदत पुढे ढकलायला. काढण्याआधी आत शिरलेल्या वाचकाच्या हातात तो नोड अजून आहे. तुम्ही वर्क रद्द केल्यावर तो ते पुन्हा लावू शकतो. मग मेमरी सुटते, आणि थोड्या वेळानं टायमर सुटलेल्या मेमरीत जाऊन वाजतो. तुमच्या कासानच्या तक्रारींपैकी वर्कक्यूच्या थ्रेडमधून येणारी जी आहे ती मला हीच दिसते.

यावर तीन उपाय आहेत. नोडमध्ये स्पिनलॉकखाली (न झोपता वाट पाहायचं लॉक) "मेला" असा झेंडा ठेवायचा, काढताना तो वर करायचा, आणि वर्क लावणाऱ्यानं त्याच लॉकखाली झेंडा बघूनच लावायचं. किंवा 6.10 पासून मिळणारं डिसेबल_डिलेड_वर्क_सिंक वापरायचं. त्यानंतर कुणी लावलं तरी ते लागतच नाही. किंवा रद्द करणंच ग्रेस पीरियडनंतर, दुसऱ्या प्रकारातून करायचं. तेव्हा पुन्हा लावणारा वाचकच उरलेला नसतो. तुमच्यासाठी मी तिसरा निवडेन, कारण त्यात विसरण्यासारखं कमी आहे. मात्र झेंडा तुम्हाला तसाही लागणार आहे, वेगळ्या कारणानं. आरसीयूचा वाचक शिळा नोड पाहू शकतो, ही त्याची किंमतच आहे. रीडिंग शिळ्या नोडवर नोंदलं गेलं तर काही बिघडत नाही, तो नोड जाणारच आहे. पण व्हॉल्व्ह उघडण्याचा हुकूम काढून टाकलेल्या नोडला जाता कामा नये. म्हणून वाचनाची वाट झेंड्याविना आणि हुकमाची वाट लॉक घेऊन, झेंडा तपासून. हा फरक थराच्या फंक्शनांत दिसू द्या, वापरणाऱ्याच्या लक्षात राहील यावर सोडू नका.

काढणं आणि सोडणं ही दोन फंक्शनं ठेवू नका, एकच ठेवा. दोन ठेवली की कुणीतरी एखाद्या एरर पाथवर सोडणं दोनदा बोलावतो. एकच आरसीयू_हेड दोनदा रांगेत गेलं की रांगच बिघडते, आणि पॅनिक भलत्याच ड्रायव्हरच्या नावावर येतं. एकाच फंक्शनमध्ये लॉकखाली नोड अजून टेबलमध्ये आहे का ते बघा, असेल तरच काढा आणि रांगेत घाला, नसेल तर 'फॉल्स' परत द्या.

मेमरी वाचवणाऱ्यांसाठी एक सापळा सांगून ठेवतो, कारण 128 एमबीच्या डबीवर हा मोह होणारच. यादीचा दुवा आणि आरसीयू_हेड एकाच युनियनमध्ये घालू नका. "यादीतून काढलाच आहे, आता दुव्याचं काय काम" असं वाटतं, पण जुना वाचक त्याच नोडवर उभा राहून पुढचा दुवा वाचत असू शकतो. म्हणूनच एचलिस्ट_डेल_आरसीयू मागचा दुवा खराब करतं आणि पुढचा तसाच ठेवतं. आरसीयू_हेडला जागा वाटून द्यायचीच असेल तर वाचक कधीच बघत नाहीत अशा फील्डसोबत द्या.

आता वाचकाची बाजू. तुमचं नोड शोधणारं फंक्शन आत आरसीयू_रीड_लॉक घेतं, नोड शोधतं, अनलॉक करतं आणि पॉइंटर परत देतं. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की कोड उघडण्याआधीच तिथे नजर जाते. अनलॉक झालं त्या क्षणी त्या पॉइंटरची किंमत शून्य आहे. आधुनिक कर्नलात पॉइंटर हातात असताना काही मिलीसेकंद सहज निभतात, म्हणून चाचणीत सगळं हिरवं दिसतं.

इथे थरानं दोन वेगळे हात द्यायला हवेत. एक उसना: आरसीयूच्या कुंपणाच्या आतच, म्हणजे रीड लॉक आणि अनलॉकच्या दरम्यानच, वापरायचा, बाहेर न्यायचा नाही. शोधणाऱ्या फंक्शननं लॉक स्वतः घेऊ नये. तो बोलावणाऱ्यानं घेतला आहे की नाही, हे आरसीयू_लॉकडेप_वॉर्ननं तपासावं. 6.5 पासून, म्हणजे 2023 पासून, सी मध्येही गार्ड आले आहेत. ब्लॉक संपला की अनलॉक आपोआप होतं, एरर पाथवर विसरायचा प्रश्न राहत नाही. दुसरा हात मालकीचा: नोड कुंपणाबाहेर न्यायचा असेल, म्यूटेक्स घ्यायचा असेल, युजरस्पेसला कॉपी करायची असेल, तर त्याचा काउंट, म्हणजे किती जण तो धरून आहेत ती मोजणी, वाढवून. तो वाढवताना रीफकाउंट_इंक_नॉट_झीरो, साधं वाढवणं नव्हे. काउंट शून्यावर गेलेला नोड वाचकाला अजून दिसत असतो, त्याला पुन्हा एक केलं म्हणून तो जिवंत होत नाही. उसन्याकडून मालकीकडे जाणं फसू शकतं, हे फंक्शनच्या परतीच्या मूल्यात दिसलंच पाहिजे. शेवटचा मालक सोडतो तेव्हा केफ्री_आरसीयू.

वाचक एका संरक्षणाखाली आणि काढणारा दुसऱ्याची वाट पाहत बसलेला, ही चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. लिनक्स कर्नलमधली 2023 ची सुरक्षेची चूक स्टॅकरॉट, सीव्हीई-2023-3269, याच घराण्यातली. 6.1 मध्ये प्रोसेसच्या मेमरीचे पट्टे मेपल ट्री या रचनेत ठेवायला सुरुवात झाली. स्टॅक वाढताना फक्त एमएमॅपचं (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचं) रीड लॉक घेतलेलं असताना ट्रीतला नोड बदलला जात होता आणि जुना आरसीयूच्या वाटेनं सुटत होता. दुसरा वाचकही तेच रीड लॉक घेऊन आत, पण आरसीयूच्या कुंपणात नाही. ग्रेस पीरियडला तो दिसतच नव्हता. 6.1 ते 6.4 पर्यंतच्या आवृत्त्यांत हे होतं. त्याआधीचं उदाहरण प्रकारांच्या गोंधळाचं. पूर्वी आरसीयूचे साधा, बीएच आणि शेड असे वेगळे प्रकार होते. वाचक एका प्रकारचं लॉक घ्यायचा, सोडणारा दुसऱ्या प्रकारच्या ग्रेस पीरियडची वाट पाहायचा, आणि कंपायलर काही बोलायचा नाही. 2018 च्या डिसेंबरात आलेल्या 4.20 मध्ये तिन्ही एकत्र केले गेले. कागदपत्रांत आणखी एक इशारा वाढवण्यापेक्षा तो फरकच मिटवला, हे मला आवडलं. एक लक्षात ठेवा, एसआरसीयू (वाचकाला स्लीप करू देणारा प्रकार) यात आलेलं नाही. त्याचं कुंपण वेगळं, त्याचा ग्रेस पीरियड वेगळा, आणि दोन्ही एकाच टेबलवर मिसळण्याचं कारण तुम्हाला नाही.

मॉड्यूल काढतानाचं पॅनिक सगळ्यात सोपं आहे, ते आजच मिटवा. तुम्ही बाहेर पडताना सिंक्रोनाइझ_आरसीयू लावलं आहे आणि ते पुरेसं वाटतं आहे. ते जुन्या वाचकांची वाट पाहतं, रांगेतल्या कॉलबॅकची नाही. ग्रेस पीरियड संपला तरी कॉलबॅक चालायचे बाकी असतात. मॉड्यूलचा कोड मेमरीतून गेला, आणि मग त्यांची पाळी आली, की कर्नल रिकाम्या जागी उडी मारतो. तिथे आरसीयू_बॅरियर लागतं. क्रम असा: आधी पॅकेट घेणं बंद करा, म्हणजे नवं काही रांगेत जाणार नाही, मग टेबल रिकामी करा, मग आरसीयू_बॅरियर, मग क्यू_आरसीयू_वर्कनं वर्कक्यूकडे दिलेली कामं संपू द्या, कारण बॅरियर फक्त कॉलबॅकपर्यंतच वाट पाहतं, वर्कक्यूतलं काम त्यात येत नाही, मग वर्कक्यू मोडा, आणि शेवटी मेमरीचा स्वतःचा कॅशे मोडा. कॉलबॅक स्वतःलाच पुन्हा रांगेत घालत असेल तर एक बॅरियर पुरत नाही, आधी त्याला झेंड्यानं थांबवावं लागतं. आणि बॅरियर बोलावताना कॉलबॅकला लागणारं लॉक हातात धरू नका.

केफ्री_आरसीयूत तुमचा कोडच नसल्यामुळे मॉड्यूलपुरतं बॅरियर लागत नाही, पण नोड स्वतःच्या केमेम कॅशेतून (एकाच मापाच्या वस्तूंसाठी राखलेल्या मेमरीच्या साठ्यातून) घेतले असतील तर तो कॅशे मोडण्याआधी बाकी राहिलेल्या वस्तू परत आल्या पाहिजेत. यासाठी 2024 मध्ये केव्हीफ्री_आरसीयू_बॅरियर आलं आणि कॅशे मोडणाऱ्या फंक्शनलाही त्याची जाण आली. तुमची डबी जुन्या दीर्घकालीन आवृत्तीवर आहे, म्हणून त्यावर विसंबू नका. मेमरी मागायला साधं केमॅलॉक वापरा आणि स्वतःचा कॅशे काढूनच टाका. इतक्या नोडसाठी त्याचा फायदा मला दिसत नाही.

हा सगळा बाहेर पडण्याचा क्रम थराच्या एकाच फंक्शनमध्ये हवा. "टेबल मोडणं" हे थराचं काम आहे, त्याच्या पायऱ्या मॉड्यूलच्या एक्झिटमध्ये विखुरल्या की पुढच्या वर्षी कुणीतरी मधली एक ओळ हलवतो.

मेमरी चढण्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री येते, आणि ती आली की फीडरवरचे सगळे नोड एकदम जागे होऊन नोंदणी करतात. तुमचा कोड प्रत्येक नोंदणीला जुना नोड काढून नवा घालतो. त्याच वेळी तुमची स्थिती दाखवणारी प्रोक फाइल अख्खी टेबल एकाच आरसीयू_रीड_लॉकखाली फिरते. तो वाचक बाहेर येईपर्यंत ग्रेस पीरियड पुढे सरकत नाही आणि काहीच सुटत नाही. कर्नल तक्रार करतो, पण साध्या मांडणीत 21 सेकंदांनी. सेकंदाला 2000 नोंदण्या आणि 512 बाइटचा नोड धरला, तर तेवढ्या वेळात साडेएकवीस एमबी नुसते अडकून पडतात. 128 एमबीच्या डबीत, निम्मी आधीच भरलेली असताना, हे जीवावर बेतणारं आहे. 64 जीबीच्या सर्व्हरवर कुणाला दिसलंही नसतं.

प्रोक फाइल बादलीबादलीनं, म्हणजे हॅश टेबलचा एकेक कप्पा घेऊन, फिरवा, प्रत्येक बादलीनंतर लॉक सोडा. पण त्याहून आधी विचारा: नोड तोच, आयडी तोच, मग काढून पुन्हा घालायचाच कशाला? आहे त्याच नोडवर लॉक घेऊन स्थिती बदला. न निर्माण केलेल्या कचऱ्याची व्यवस्था लावावी लागत नाही. तरीही थराला एक मोजणी ठेवा, किती नोड सुटण्याच्या वाटेवर आहेत याची. ठरावीक मर्यादा ओलांडली आणि बोलावणारा प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये असेल तर त्यालाच सिंक्रोनाइझ_आरसीयूवर थांबवा. कचरा करणाऱ्यालाच धाप लागली पाहिजे. मात्र नेहमीच्या वाटेवर प्रत्येक नोडला सिंक्रोनाइझ_आरसीयू नको. शंभर नोड काढायचे तर शंभर काढा, मग एकदाच थांबा.

आता रस्ट. लिनक्समध्ये ते 6.1 पासून, डिसेंबर 2022 पासून आहे, आणि या विषयात त्याची खरी मदत होते, फक्त कुठे ते नीट ओळखा. गार्डच्या आयुष्याशी उसना संदर्भ बांधला, की तुमचं ते "अनलॉक करून पॉइंटर परत देणारं" फंक्शन कंपाइलच होत नाही. मालकी हलवल्यामुळे दोनदा रांगेत घालणंही बंद होतं. आरसीयूनं राखलेली पेटी बनवायची असेल, म्हणजे जिचा ड्रॉप झाला (ती वापरातून गेली) की आतली वस्तू ग्रेस पीरियडनंतर सुटते, तर आतल्या प्रकारावर अटी घालाव्या लागतात. वाचक अनेक सीपीयूंवरून बघतात म्हणून सिंक. शेवटचा ड्रॉप कुठल्या तरी भलत्याच सीपीयूवर होतो म्हणून सेंड. आणि आतल्या वस्तूनं कुणाचंही तात्पुरतं उसनं धरलेलं नसावं, म्हणून स्टॅटिक, कारण ड्रॉप कधी होईल याला मुदत नाही. गार्ड स्वतः मात्र सेंड नसावा, त्याचं लॉक ज्या थ्रेडनं घेतलं त्याच्यापुरतंच असतं. गार्ड कुणी विसरून टाकला तर ग्रेस पीरियड अडकतो, मेमरी चढते, पण सुटलेल्या मेमरीला हात लागत नाही. ही हानी रस्टच्या हिशेबात चालते.

दोन गोष्टी रस्ट पकडत नाही, आणि त्या तुमच्या कामाच्या आहेत. पहिली, ड्रॉपमध्ये स्लीप. पेटीतल्या एखाद्या फील्डच्या ड्रॉपनं म्यूटेक्स घेतला तर प्रकारांच्या भाषेत सगळं ठीक, आणि सॉफ्टआयआरक्यूमध्ये सगळं चूक. दुसरी त्याहून वाईट. प्रीएम्प्शन (कर्नलचं चालू काम मध्येच थांबवणं) नसलेल्या कर्नलात आरसीयू_रीड_लॉकचा मशीनच्या कोडमध्ये जवळजवळ काहीच मागमूस नसतो, आणि शेड्यूल झालं म्हणजे वाचक बाहेर पडला असं कर्नल समजतो. तिथे गार्ड हातात धरून कुणी स्लीप केलं तर गार्ड जिवंत, संदर्भ वैध, कंपायलर खूश, आणि मेमरी मात्र सुटलेली. यासाठी क्लिंट नावाचं वेगळं तपासणीचं साधन लिहिलं गेलं आहे, ते लावा. डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीपही चालू ठेवा, ते चालत्या कर्नलात ओरडतं.

माझं मत विचाराल तर आत्ता रस्टमध्ये नव्यानं लिहू नका. आधी सी मध्ये थर दुरुस्त करा. प्रकार दोन, हात दोन, मोडणारं फंक्शन एक. हे आराखडे जमले की रस्टमध्ये नेणं हे भाषांतराचं काम उरतं. उलट केलंत तर तीच "कुठलंही फंक्शन" सही क्लोजर (सोबत दिलेलं निनावी फंक्शन) घालून रस्टमध्ये उतरेल.

हॅझार्ड पॉइंटरबद्दल, म्हणजे वाचकानं आपण कोणती वस्तू धरली आहे हे स्वतः जाहीर करण्याच्या पद्धतीबद्दल, तुम्ही विचारलंत. ते 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासून मांडलेले आहेत, आता सी++26 मध्ये आरसीयूच्या बरोबरीनं आले आहेत. एखादा वाचक अडकला तरी त्यानं धरलेल्याच वस्तू अडकतात, बाकी सुटत राहतात, हा त्यांचा मोठा गुण. पण प्रत्येक वाचनाला किंमत पडते, आणि तुमचा अडकणारा वाचक एकच आहे, ती प्रोक फाइल. एका फाइलसाठी यंत्रणा बदलू नका.

चाचणीला कर्नलच्या बांधणीतले तपासणीचे पर्याय, म्हणजे प्रूव्ह_आरसीयू, कासान आणि डीबग_ऑब्जेक्ट्स_आरसीयू_हेड एकत्र लावा. कासानच्या अहवालात वस्तू कुणी मोकळी केली हे तर येतंच, ती कॉल_आरसीयूच्या रांगेत कुणी घातली तो स्टॅकही येतो. लोक तो भाग वाचत नाहीत आणि सॉफ्टआयआरक्यूच्या स्टॅककडे बघत बसतात. शिवाय तुमच्या नशिबानं प्रोसेसर चारच कोरचा आहे. आरसीयू_स्ट्रिक्ट_ग्रेस_पीरियड नावाचा पर्याय चार किंवा कमी सीपीयूंच्या बांधणीतच मिळतो. तो ग्रेस पीरियड मुद्दाम आखूड करतो, म्हणजे कुंपणाबाहेर नेलेला पॉइंटर काही मिलीसेकंद निभून जाण्याऐवजी लगेच पकडला जातो. हा पर्याय लावून टेबलमध्ये नोंदणी आणि काढणं रात्रभर चालवा, मधूनमधून मॉड्यूल काढा आणि घाला. शेतात जाणाऱ्या बांधणीत मात्र तो बंद ठेवा, त्यानं डबी फार मंदावते.